एका उजेडात जुळलेला रंग दुसऱ्या उजेडात वेगळा का पडतो आणि त्यावर काय करावं

राखाडी कापडाचे दोन तुकडे मी अजून जपून ठेवले आहेत. मी कापड रंगवण्याच्या कामात आहे आणि शेड जुळवणं हे माझं रोजचं काम. एका कोचाच्या फाटलेल्या बाजूसाठी मूळ कापडाशी जुळणारा तुकडा रंगवून द्यायचा होता. कामाच्या जागी ट्यूबलाइटखाली दोन्ही कापडं कडेला कड लावून ठेवली, तर सांधा कुठे आहे हे बोट फिरवूनच कळत होतं. तुकडा शिवला गेला, कोच घरी पोचला आणि त्याच संध्याकाळी निरोप आला की नवा तुकडा तांबूस दिसतोय. मी जाऊन पाहिलं. खोलीत तारेचे पिवळे बल्ब होते आणि त्यांच्या उजेडात नवा तुकडा खरोखरच तांबडट दिसत होता, जुना मात्र राखाडीच होता.

तेव्हापासून हीच तक्रार मी किती तरी रूपांत ऐकली आहे. कोणाचा दोरा दुकानात जुळतो आणि शिवल्यावर डोळ्यांत खुपतो. कोणाची भिंत शेडकार्डापेक्षा गडद वाटते. कोणाचा नवा पांढरा सदरा एका खोलीत शुभ्र आणि दुसऱ्या खोलीत मळकट दिसतो. दर वेळी पहिला राग रंगावर किंवा रंगवणाऱ्यावर निघतो आणि लोक सरळ दुसरा डबा आणतात. मग तोही जुळत नाही. म्हणून माझी विनंती आहे की पुन्हा रंगवण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे ते शोधा. प्रकाश, पृष्ठभाग आणि पाहणारा डोळा हे तिघं मिळून रंग ठरवतात आणि घोळ तिघांपैकी कोणाकडेही असू शकतो.

आधी कडेला कड लावून बघा

न जुळणारे दोन्ही नमुने मधे फट न ठेवता, एकाच पातळीवर, एकाच दिशेने ठेवा. कापड असेल तर दोन्हींचे धागे एकाच दिशेला येऊ द्या. पहिल्यांदा खिडकीपाशी, पण थेट ऊन नसेल अशा जागी बघा. नंतर पडदा ओढून फक्त पिवळ्या दिव्याखाली. शेवटी फक्त पांढऱ्या एलईडीखाली किंवा ट्यूबखाली. दिवा बदलला की दोन मिनिटं थांबा, डोळ्याला नव्या उजेडाची सवय होऊ द्या.

तिन्ही उजेडांत फरक दिसला तर दुखणं साधं आहे. रंगाचं प्रमाण चुकलं आहे, पुन्हा मिसळावा लागेल. एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात नाही, तर त्या प्रकाराला मेटामेरिझम म्हणतात आणि खालचा बराचसा मजकूर त्याच्याबद्दलच आहे. दोन्ही नमुने सारखेच बदलत असतील, म्हणजे दोन्ही पिवळट किंवा दोन्ही निळसर होत असतील, तर रंग जुळलेलाच आहे. तिथे फक्त दिवा बदलायचा. आणि शेजारी ठेवल्यावर जुळतात पण आपापल्या जागी लावल्यावर वेगळे वाटतात, तर चकाकी, कोन किंवा आजूबाजूचे रंग तपासायचे.

वस्तू काय करते

आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. जांभळा-निळा एका टोकाला, तांबडा दुसऱ्या टोकाला. हा प्रकाश कापडावर पडला की रंगाचे रेणू त्यातला काही भाग गिळतात. गिळलेल्या प्रकाशाची बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणूनच उन्हात काळं कापड पांढऱ्यापेक्षा जास्त तापतं. जो भाग गिळला जात नाही तो तंतूंमध्ये इकडेतिकडे विखुरतो आणि बाहेर पडतो. आपल्याला दिसतो तो हा उरलेला प्रकाश. पिवळा रंग निळा-जांभळा भाग खातो आणि हिरव्यापासून तांबड्यापर्यंतचा बाकीचा परत करतो. निळा रंग तांबडा-पिवळा भाग खातो. दोघं एकत्र मिसळले की दोघांच्याही तावडीतून सुटणारा भाग हिरवा असतो, म्हणून मिश्रण हिरवं दिसतं.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. पुढे येणारी उजळवणारी द्रव्यं सोडली, तर वस्तू स्वतःकडून प्रकाश घालत नाही, आलेल्यातून निवड करते. दिव्यातच जो भाग नाही तो वस्तू परत पाठवू शकत नाही. न्यूटनने १६७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रकाशावरच्या लेखात शेंदराचं उदाहरण दिलं आहे. शेंदूर तांबडे किरण सगळ्यांत भरपूर परतवतो म्हणून तांबडा दिसतो, पण लोलकातून वेगळा काढलेला एकच रंग त्याच्यावर पाडला तर तो त्याच रंगाचा दिसतो. हे अनुभवायचं असेल तर कमी दाबाच्या सोडियम दिव्याखाली रंगीत कपडे बघा. त्याचा जवळजवळ सगळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असतो. लाल, हिरवा, निळा सगळे कपडे पिवळट-तपकिरी-काळ्या छटांमध्ये बुडून जातात.

आता डोळ्याकडे येऊ. दिवसाच्या उजेडात रंग ओळखणाऱ्या आपल्या शंकुपेशी तीन प्रकारच्या. एक निळ्याच्या बाजूला सर्वांत तल्लख, दुसरी हिरव्याच्या, तिसरी पिवळट-हिरव्याकडून तांबड्याकडे झुकणारी. वस्तूने परत पाठवलेल्या प्रकाशाचा वर्णपट, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश आहे याचा आलेख, कितीही वळणावळणाचा असला तरी मेंदूपर्यंत त्याचे तीनच आकडे पोचतात. म्हणजे प्रचंड माहिती गळते. दोन पूर्णपणे वेगळे वर्णपट हेच तीन आकडे देऊ शकतात आणि तसं झालं की आपण म्हणतो, रंग जुळला.

माझ्या कोचाचं नेमकं हेच झालं होतं. मूळ कापडाला काळ्याच्या फिक्या छटेने राखाडी आणला होता. तो सगळ्या तरंगलांबी जवळपास सारख्याच प्रमाणात गिळतो, म्हणून परतणाऱ्या प्रकाशाच्या आलेखात त्याची रेघ सपाट. मी माझा राखाडी पिवळा, लाल आणि निळा हे तीन रंग तोलून बनवला होता. त्याची रेघ डोंगर-दऱ्यांची. ट्यूबखाली दोघांचे तीन आकडे सारखे आले. कित्येक निळे रंग दृश्य पट्ट्याच्या तांबड्या टोकाशी, म्हणजे ७०० नॅनोमीटरच्या आसपास, प्रकाश गिळणं सोडून देतात आणि तो परत पाठवू लागतात. ट्यूबमध्ये त्या टोकाला प्रकाश फारसा नसतो, म्हणून हे झाकलेलं राहिलं. तारेच्या बल्बमध्ये मात्र ७०० नॅनोमीटरपाशी ऊर्जा ४०० नॅनोमीटरच्या तुलनेत दहापटीहून जास्त असते. झाकलेलं सगळं त्याने उघडं केलं.

राखाडी, खाकी, बदामी, शेवाळी अशा दबलेल्या रंगांत हे दुखणं सर्वांत जास्त आढळतं, कारण ते बनवायचे मार्ग पुष्कळ आहेत. भडक पिवळा किंवा गर्द लाल बनवायचे मार्ग थोडे, त्यामुळे तिथे फसगतही कमी.

दिवे कसे फसवतात

तारेच्या बल्बचा वर्णपट निळ्याकडून तांबड्याकडे सलग चढत जातो. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ मध्ये त्याला प्रमाण प्रकाश ‘ए’ म्हणून मान्यता दिली आणि आज त्याचं रंगतापमान २८५६ केल्विन धरतात. दिवसाच्या सरासरी उजेडासाठी ‘डी६५’ हा प्रमाण प्रकाश वापरतात, सुमारे ६५०० केल्विनचा. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या वाफेमुळे ४३६ आणि ५४६ नॅनोमीटरवर उंच सुळके असतात आणि त्यांच्यामध्ये खड्डे. बहुतेक पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश देणारी चिप असते, साधारण ४५० नॅनोमीटरची. तिच्यावरचा पिवळा फॉस्फर, म्हणजे चमकणारा लेप, काही निळ्याचं रूपांतर हिरव्या-पिवळ्या-तांबड्या भागात करतो. स्वस्त एलईडीत ४८० नॅनोमीटरच्या आसपास खळगा राहतो आणि गडद तांबड्याची चणचण असते.

म्हणून खोक्यावरचा केल्विनचा आकडा बघून दिवा घेणं पुरत नाही. तो आकडा दिव्याचा पांढरेपणा ऊबदार आहे की थंड एवढंच सांगतो. ४००० केल्विनचे दोन दिवे एकाच लाल कापडावर वेगळे परिणाम करू शकतात. त्याच्या जोडीला सीआरआय बघा, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा. हा आकडा आठ ठरावीक नमुन्यांवरच्या गुणांची सरासरी असतो आणि १०० हा त्याचा कमाल. पण ते आठही नमुने मवाळ रंगांचे आहेत. गर्द लाल नमुना, ज्याला आर९ म्हणतात, त्या सरासरीत येतच नाही. त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या दिव्याखाली लाल, मरून, लाकडी आणि त्वचेचे रंग निर्जीव दिसू शकतात. रंग जुळवायचा असेल तिथे सीआरआय ९० च्या पुढचा आणि आर९ स्वतंत्रपणे छापलेला दिवा लावा. माझ्या मते सगळ्या इलाजांत हा सर्वांत कमी कष्टाचा आणि सर्वांत जास्त उपयोगाचा आहे.

मेटामेरिझमवर इलाज

मुळावरचा इलाज एकच. मूळ वस्तूत जे रंग वापरले होते तेच वापरायचे. तेच रंग म्हणजे त्याच आकाराची रेघ, आणि तसं झालं तर कुठल्याही दिव्याखाली जोडी तुटत नाही. म्हणून भिंत असो की कापड, डोळ्यांनी जुळवून आणण्याऐवजी मूळ शेडचा क्रमांक आणि शक्य असेल तर तोच लॉट शोधा. उरलेल्या डब्याचं झाकण फेकू नका, क्रमांक त्याच्यावरच असतो. कोचासाठी मी शेवटी तेच केलं. तीन रंगांची मिसळ सोडून काळ्यावरून राखाडी बसवला आणि तो तुकडा पुढे कुठल्याच उजेडात वेगळा पडला नाही.

मूळ रंग माहीत नसेल तर निदान दोन उजेडांत जुळवा, दिवसाच्या आणि पिवळ्या. स्पेक्ट्रोफोटोमीटर असलेल्या ठिकाणी काम देत असाल तर त्यांना स्पष्ट विचारा की रंग मिसळायची कृती एकाच प्रकाशासाठी काढली आहे की दोन-तीन प्रकाशांसाठी. हे यंत्र प्रत्येक तरंगलांबीवर किती प्रकाश परत येतो ते मोजतं. त्यामुळे दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवून बघता येतात. रेघा जिथे एकमेकींना वारंवार छेदतात तिथे पुढे कुठल्या ना कुठल्या दिव्याखाली त्रास होणार हे आधीच कळतं.

दोन्ही उजेडांत जुळत नसेल तर ती वस्तू बहुतेक वेळ कुठल्या उजेडात राहणार आहे ते ठरवा आणि त्यात जुळवा. दिवसा वापरायच्या कपड्याचा दोरा खिडकीत, रात्री बसायच्या खोलीतला पडदा रात्रीच्या दिव्यात. भिंतीवर मधेच ठिगळ लावण्यापेक्षा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची पूर्ण भिंत रंगवा. कोपऱ्यात दोन्ही भिंतींवर प्रकाश वेगवेगळ्या कोनातून येतो, त्यामुळे लहानसा फरक तिथे खपून जातो.

भिंत शेडकार्डापेक्षा गडद का होते

ही तक्रार मला फार जवळची वाटते, कारण इथे कोणीच चुकलेलं नसतं. समजा, बदामी रंग तांबड्या भागातला ८० टक्के आणि निळ्या भागातला ५० टक्के प्रकाश परत पाठवतो. कार्डावरून प्रकाश एकदाच उसळून डोळ्यात येतो, तेव्हा प्रमाण ८० ला ५०. पण चारी भिंती त्याच रंगाच्या झाल्या की प्रकाश एका भिंतीवरून दुसरीवर जातो आणि तिथे पुन्हा गाळला जातो. दुसऱ्या उसळीनंतर ६४ ला २५, तिसऱ्या उसळीनंतर ५१ ला साडेबारा. दर उसळीला रंग गडद होत जातो आणि खोली एकूण काळवंडते.

यावर लहान कार्ड बघून निर्णय घेऊ नका. मोठ्या जाड कागदावर दोन हात रंग द्या, पूर्ण वाळू द्या, मग तो कागद मधोमध दुमडून उघड्या पुस्तकासारखा उभा करा, रंगाची बाजू आत. घडीच्या आत दिसणारा रंग खोलीत मिळणाऱ्या रंगाच्या पुष्कळ जवळचा असतो. तो आवडला नाही तर त्याच पट्टीवरची एक-दोन पायऱ्या फिकी आणि थोडी राखाडीकडे झुकणारी शेड घ्या. छताच्या पांढऱ्यावर तांबूस किंवा हिरवट झाक आली असेल तर तीही भिंतीवरून किंवा बाहेरच्या झाडांवरून उसळून आलेली असते. छत पुन्हा रंगवून ती जात नाही.

ठिगळ एकाच बाजूने दिसतं

समोरून जुळतं, बाजूने पाहिलं की ठिगळ उठून दिसतं, तर रंग बरोबर आहे, चकाकी चुकली आहे. रंगाच्या थरावर पडणाऱ्या प्रकाशातला काही भाग आत शिरतच नाही, वरच्या वरच परततो. सरळ समोरून आलेल्या प्रकाशाचा असा सुमारे ४ टक्के भाग परततो आणि तिरक्या कोनात तो झपाट्याने वाढतो. या वरवरच्या परावर्तनाला रंगद्रव्याचा स्पर्शच झालेला नसतो, म्हणून ते दिव्याच्याच रंगाचं राहतं. गुळगुळीत पृष्ठभाग ते एकाच दिशेला फेकतो, खरखरीत पृष्ठभाग सगळीकडे पसरवतो आणि त्यामुळे रंग फिका वाटतो. गडद रंगांत हे फार जाणवतं. जो रंग मुळात ५ टक्केच प्रकाश परत देतो त्यात वरून ४ टक्के पांढरा मिसळला तर काळ्याचा राखाडी होणारच.

ठिगळाला मूळ भिंतीसारखंच फिनिश लागतं आणि मूळ काम रोलरने केलं असेल तर ठिगळही रोलरनेच लावावं लागतं. खालची लांबी (पुट्टी) उघडी असेल तर ती रंगातला बंधक, म्हणजे रंग धरून ठेवणारा भाग, शोषून घेते आणि तेवढा भाग निस्तेज राहतो, त्यामुळे आधी प्रायमर द्या. आणि ओल्या रंगावरून कधीच ठरवू नका. ओलं कापड गडद दिसतं कारण पाणी तंतूंमधली हवेची जागा घेतं. तंतू आणि पाणी यांच्या अपवर्तनांकांत, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या क्षमतेत, फरक कमी असल्याने प्रकाश कमी विखुरतो, आणखी खोल जातो आणि जास्त गिळला जातो.

पांढरा कुठे शुभ्र, कुठे मळकट

नव्या पांढऱ्या कापडात, कागदात आणि कित्येक धुण्याच्या पावडरींत उजळवणारी द्रव्यं असतात. डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश गिळून ती निळा प्रकाश बाहेर टाकतात. कापडाचा पिवळेपणा त्यामुळे झाकला जातो. दिवसाच्या उजेडात अतिनील असतो, बहुतेक पांढऱ्या एलईडीत तो जवळपास नसतो. म्हणून एकच सदरा बाहेर शुभ्र आणि आत साधा पांढरा दिसतो. अतिनील टॉर्च अंधारात कापडावर मारली आणि कापड निळं उजळलं तर कारण सापडलं. टॉर्चच्या तोंडात मात्र बघू नका. एका पांढऱ्यात असं द्रव्य आहे आणि दुसऱ्यात नाही, तर ती जोडी सगळीकडे जुळणं शक्य नाही. दोन्ही एकाच ठाणातून घ्या.

शेजारचे रंग

१८२४ मध्ये मिशेल युजीन शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ या भिंतीवरचे चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथल्या काळ्या धाग्याला जोर नाही अशी तक्रार होती. त्याने इतर ठिकाणच्या काळ्या लोकरीशी तुलना केली आणि रंगात खोट नसल्याचं त्याला आढळलं. काळ्याच्या शेजारी विणलेले निळे-जांभळे रंग त्याचा दम घालवत होते. रंग न जुळण्याचं इतकं सुरेख निदान मला दुसरं माहीत नाही. त्याने डब्यात काही न बदलता शेजाराकडे पाहिलं.

तुम्हालाही हे करून बघता येईल. राखाडी जाड कागदाला बोटभर अंतरावर दोन सारखी भोकं पाडा आणि एका भोकातून एक, दुसऱ्यातून दुसरा रंग बघा. आजूबाजूचं झाकलं गेल्यावर दोन्ही सारखे दिसले तर रंग बदलू नका, शेजार बदला.

फोटोवरून जुळवणं

फोटोवरून जुळवू नका. कॅमेऱ्याचा सेन्सर तरंगलांबींना आपल्या शंकुपेशींसारखाच प्रतिसाद देत नाही. त्यामुळे डोळ्याला जुळणारी जोडी फोटोत तुटू शकते आणि तुटलेली जुळलेली दिसू शकते. शिवाय फोन स्वतःच उजेडाचा अंदाज बांधून पांढरा कुठला ते ठरवतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका पोशाखाच्या फोटोवरून जगभर वाद झाला, काहींना तो पांढरा-सोनेरी दिसत होता आणि काहींना निळा-काळा. पोशाख निळा-काळा होता. फोटोतल्या उजेडाबद्दल प्रत्येकाच्या मेंदूने वेगळा अंदाज बांधला होता. रंग लांब कोणाला दाखवायचाच असेल तर नमुन्याचा तुकडा पाठवा.

अंधुक उजेडातही निर्णय घेऊ नका. तिथे दंडपेशींचं काम सुरू होतं. त्या ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तल्लख असतात आणि गडद तांबड्याला जवळपास आंधळ्या. म्हणून संध्याकाळ दाटली की लाल काळपटतो आणि निळा-हिरवा उजळ वाटतो. दोन माणसांचं एकमत होत नसेल तर दोघंही खरं सांगत असू शकतात. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळट होतं आणि लाल-हिरव्यातला फरक कमी जाणवणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांत बरंच आहे. तिसऱ्या माणसाला विचारा.

एवढं सगळं करूनही काही जोड्या जुळत नाहीत. प्लास्टिकचं बटण आणि सुती कापड, चामड्याचा पट्टा आणि लोकर, रंगवलेला धातू आणि त्याच्यावरची गादी. एकात चालणारं रंगद्रव्य दुसऱ्यात धरतच नाही, त्यामुळे दोघांच्या रेघा वेगळ्याच राहणार. अशा कामात मी एका उजेडावर बोट ठेवायला सांगते. तेही जमणार नसेल तर जवळची शेड सोडून, ठरवून दोन पायऱ्या गडद घ्यायला सांगते. राखाडी कापडावर कोळशाच्या रंगाचं बटण पिवळ्या दिव्यात किंचित तांबूस झालं तरी शोभतं. जवळजवळ जुळणारं राखाडी बटण तेवढंच सरकलं तर लगेच डोळ्यांत भरतं.